कापसांतील केर व तो काढणारीं यंत्रें

घडी मोडलेलें धुवट धोतर, बाळाचें मऊ दुपटें किंवा जखमेवर ठेवावयाची कापसाची पट्टी पाहिली म्हणजे कापूस हा मुळांतच निर्मळ पदार्थ आहे, असें कोणासहि वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. बोंड मिटलेलें असतें तोंपर्यंत आंतील तंतु खरोखरच स्वच्छ असतात. बोंड उकललें कीं वारा, धूळ, वाळलेलीं पानें आणि माणसाचा हात यांच्याशीं त्यांचा संबंध येतो. आणि तेथपासून सूत तयार होईपर्यंत कापसाचा बहुतेक प्रवास हा केर काढण्याचाच प्रवास असतो. या कामासाठीं मनुष्यानें जीं यंत्रें निर्माण केलीं, त्यांचें तत्त्व काय, त्यांची मर्यादा कोणती आणि त्यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हें जाणून घेण्यासारखें आहे.

प्रथम केर येतो कोठून तें पाहूं. कापसाच्या प्रत्येक बोंडाभोंवतीं पानांसारखीं तीन छदें असतात. बोंड पिकतें त्या सुमारास हीं छदें वाळून इतकीं ठिसूळ होतात कीं, बोटांचा नुसता धक्का लागला तरी त्यांचा चुरा होतो व तो चुरा तंतूंत अडकून बसतो. त्याशिवाय पानांचे तुकडे, काड्या, बोंडाचीं टरफलें, माती, किडक्या बोंडांतील पिंवळट कवडी आणि सरकी काढतांना फुटलेल्या बियांच्या साली, असा हा परिवार मोठा आहे. हातानें वेचलेल्या कापसांत हा केर कमी असतो. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर वेचणी यंत्रानें होऊं लागली. तेथील एक जातीचें यंत्र फिरत्या चात्यांवर कापूस गुंडाळून घेतें. दुसऱ्या जातीचें यंत्र झाडावरील बोंडें टरफलांसकट ओरबाडून घेतें. या दुसऱ्या प्रकारांत केराचें प्रमाण सर्वांत अधिक. केर काढण्याच्या यंत्रांची मोठी वाढ त्या देशांत झाली, तिचें हें एक प्रमुख कारण होय.

आतां कोणी गृहिणी विचारील कीं, धान्यांतील केर आम्ही घरोघर काढतों, मग कापसाचेंच एवढें अवडंबर कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या यंत्रविद्येचें मर्म आहे. धान्य साफ करतांना आपण तीन गोष्टी करतों. चाळणीनें आकारावरून खडे व माती वेगळीं करतों. सुपानें पाखडून वजनावरून कोंडा उडवितों. आणि शेवटीं डोळ्यांनीं पाहून एकेक खडा निवडतों. या तीनहि क्रिया साधतात, कारण धान्याचा दाणा दाण्यापासून सुटा असतो. कापसाचें तसें नाहीं. त्याचा एक तंतु सुमारे इंचभर लांब आणि केंसाहूनहि बारीक असतो. एका ग्रॅम रुईंत असे दोन लाखांच्या आसपास तंतु एकमेकांत गुंतलेले असतात. त्या गुंत्याच्या पोटांत पानाचा कण दडलेला असतो. गुंता सैल झाल्यावांचून कण सुटत नाहीं, आणि गुंता सैल करावयाचा म्हणजे तंतूंना ओढावें, झोडावें किंवा विंचरावें लागतें. म्हणून कापसाच्या बाबतींत मोकळें करणें आणि स्वच्छ करणें हीं दोन कामें मुळीं निराळीं करतांच येत नाहींत.

आपल्याकडील पिंजाऱ्यास हें तत्त्व फार पूर्वींपासून ठाऊक होतें. धनुकलीची ताणलेली तांत तो रुईवर धरतो व लाकडी मोगरीनें तिला ठोका देतो. तांत थरथरते, रुईचा पुंजका उधळून पिसासारखा हलका होतो आणि धूळ व पाचोळा खालीं पडतो. इंग्लंडांत हेंच काम बायका करीत. दोऱ्यांच्या जाळीवर कापूस पसरून त्या तो छड्यांनीं झोडीत आणि केर जाळींतून खालीं गळे. १७९७ सालीं ग्लासगोच्या स्नॉडग्रास नांवाच्या गृहस्थानें झोडणीचें यंत्र तयार केलें. वेगानें फिरणाऱ्या लोखंडी पात्यांनीं छड्यांची जागा घेतली, सळयांच्या जाळीनें दोऱ्यांची. साधनें बदललीं, तत्त्व तेंच राहिलें.

सरकी काढण्याच्या यंत्रांचाहि येथें विचार केला पाहिजे. कारण रुई स्वच्छ निघणार कीं मळकट, हें पुष्कळसें तेथें ठरतें. हिंदुस्थानांत पूर्वी दोन लाटांची चरखी होती. तींतून रुई पलीकडे जाई आणि सरकी अलीकडे राही. अमेरिकेंत एली व्हिटनी यानें १७९४ सालीं करवती दांत्यांच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत दांते रुई ओढून नेतात व सरकी फटींतून न जातां मागें राहते. १८४० सालीं मॅकार्थी यानें चामड्याची लाट व पातें यांचें निराळें यंत्र काढलें. आपल्या देशांतील बहुतेक जिनांत चालणारीं दोन लाटांचीं यंत्रें याच वंशांतील आहेत. करवतीचें यंत्र काम झपाट्यानें उरकतें, पण तंतूंना कांहीं अंशीं तोडतें. लाटांचें यंत्र सौम्य आहे, तंतूंची लांबी राखतें. मात्र आंत आलेला केर तें बव्हंशीं रुईबरोबर तसाच पुढें पाठवितें. म्हणून कापूस लाटांवर जाण्यापूर्वींच तो साफ करणें इष्ट ठरतें.

हें पहिलें साफ करणें दोन प्रकारचें असतें. एका यंत्रांत खिळे बसविलेलीं पांचसहा पिंपें एकापुढें एक फिरत असतात. कापूस एका पिंपावरून दुसऱ्यावर उडविला जातो आणि खालच्या सळयांवर घांसला जाऊन पानाचा चुरा व माती गाळून टाकतो. दुसरें यंत्र काड्यांसाठीं असतें. त्यांत करवती दांते तंतु पकडून ठेवतात आणि पिंप गरगर फिरतें. गोफणींतून दगड सुटावा तशी जड काडी बाहेर फेंकली जाते. हलका तंतु दांत्याला चिकटून राहतो. घरांतील झोडणें व पाखडणें यांचाच हा जोड आहे. वाऱ्याऐवजीं येथें फिरण्याचा जोर वापरला आहे, एवढाच फरक.

जिनांतून दाबून बांधलेली गांठ गिरणींत येते ती ब्लो-रूममध्यें. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापड गिरणी स्थापन केली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें गिरणगांवांतील हजारों कुटुंबांना हें नांव घरच्यासारखें परिचित होतें. आज तेथील बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. पण ब्लो-रूमचें काम जेथें जेथें सूत कातलें जातें तेथें तेथें चालूच आहे. गांठ फोडून तिचे पुंजके केले जातात. जुन्या पद्धतींत क्रायटन नांवाचें उभें यंत्र असे. त्यांत खालून वर रुंद होत जाणारीं पात्यांचीं चक्रें एका उभ्या दांड्यावर फिरत, भोंवतीं सळयांची जाळी असे आणि वरून हवा ओढली जाई. पुंजका जसजसा सुटा व हलका होई, तसतसा तो हवेबरोबर वर चढे. जो जड राही तो खालींच पुन्हां मार खाई. झडलेला केर सळयांतून बाहेर पडे. ज्याला जितका मार हवा तितकाच मिळावा, अशी ही योजना होती. नवीं यंत्रें दिसावयास वेगळीं असलीं तरी पातीं, सळया आणि वारा या तीन गोष्टी त्यांत कायम आहेत.

तरीहि बारीक कण उरतातच. ते काढण्याचें काम कार्डिंग यंत्राचें. झोडणें संपून येथें विंचरणें सुरू होतें. या यंत्राचें मोठें पिंप असंख्य सूक्ष्म तारांनीं किंवा दांत्यांनीं मढविलेलें असतें, आणि त्याच्या माथ्यावर तशाच दांत्यांच्या पट्ट्या अगदीं जवळून, पण अतिशय सावकाश सरकत असतात. दोहोंच्या मधून जातांना गुंत्यांतील तंतु जवळजवळ एकेक सुटा होतो. आखूड तंतु, गांठी व पानाचे कण पट्ट्यांत अडकतात. बाहेर पडते ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ चादर. ती गोळा करून तिचा पेळू करतात. अशा यंत्राचें पेटंट इंग्लंडांत लुईस पॉल यानें १७४८ सालींच घेतलें होतें. ज्या गिरणीचें कार्डिंग चांगलें तिचें सूत चांगलें, हा कातणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

येथवर वाचून असें वाटेल कीं, चार यंत्रांऐवजीं आठ बसविलीं तर कापूस दुप्पट स्वच्छ होईल. तसें होत नाहीं. पहिलें यंत्र सुटा व मोठा केर काढतें. दुसऱ्यापुढें येतो तो अधिक घट्ट चिकटलेला. आणि तिसऱ्या-चौथ्या यंत्रांत केराहून तंतूंचाच नाश अधिक होऊं लागतो. प्रत्येक आघातांत कांहीं तंतु तुटतात, कांहींच्या बारीक गांठी बनतात, आणि मोठ्या पानाचा चुरा होऊन तो पूर्वींपेक्षांहि काढण्यास कठीण होतो. कोरडा कापूस लवकर साफ होतो म्हणून त्यास गरम हवा देतात. परंतु कापसाचा तंतु ओला असतां बळकट व अतिशय कोरडा असतां कमकुवत असतो. फार सुकविला तर केर निघतो, पण तंतूहि तुटतो. दिसण्यांत रुई पांढरी झाली म्हणून व्यापाऱ्यास भाव अधिक मिळावा आणि कातणाऱ्याच्या हातीं मात्र आखूड तंतूंचें दुबळें सूत यावें, असा विपरीत व्यवहार यांतून घडूं शकतो. उत्तम कारागीर जेथें थांबावें तेथें थांबतो, तो याचसाठीं.

याहून गंभीर प्रश्न निघालेल्या केराचा आहे. काडी खालीं पडते, तिला झाडून नेतां येतें. पण छदांचा व पानांचा जो अतिसूक्ष्म चुरा हवेंत तरंगतो तो कामगाराच्या श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो. त्या चुऱ्याबरोबर जंतूंचें विषहि असतें. त्यापासून होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. रविवारच्या सुटीनंतर सोमवारीं कामावर येतांच छाती आवळल्यासारखी होते व श्वास कोंडतो. मंगळवारीं बरें वाटतें. पुढें वर्षें लोटतात तसतसा हा त्रास आठवडाभर राहूं लागतो, आणि अखेरीस फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. हा रोग ब्लो-रूम व कार्डिंग खात्यांत सर्वांत अधिक. म्हणजे ज्या खात्यांत कापूस सर्वांत स्वच्छ होतो, तेथेंच माणसाचा श्वास सर्वांत मळका होत असे. लँकशायरमधील डॉक्टर शिलिंग यांनीं १९५० नंतरच्या दशकांत गिरणी कामगारांना तपासून या रोगाच्या पायऱ्या निश्चित केल्या. अमेरिकेंत १९७८ सालीं सूत कातण्याच्या खात्यांतील हवेंत एका घनमीटरमागें ०.२ मिलिग्रॅमपेक्षां अधिक धूळ असूं नये असा नियम झाला. गिरणीमालकांनीं त्यास न्यायालयांत विरोध केला. परंतु १९८१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें नियम उचलून धरला. यंत्रें बंदिस्त करून धूळ उगमापाशींच ओढून घेणें शक्य आहे, आणि तसें केलें असतां रोग कमी होतो, हें त्यानंतर दिसून आलें. केर काढणारें यंत्र केर कोठें टाकतें, हाहि त्याच्या चांगलेपणाचाच भाग समजला पाहिजे.

अलीकडे एक नवाच केर उपजला आहे. प्लास्टिकच्या गोणीचे धागे, तागाची सुतळी, रंगीत चिंध्या, माणसाचे केंस, कोंबड्यांचीं पिसें अशा वस्तु कापसांत येतात. झोडणीच्या यंत्रांपुढें यांचें कांहीं चालत नाहीं असें नव्हे, तर यांच्यापुढें यंत्रांचेंच कांहीं चालत नाहीं. यंत्र ओळखतें तें वजन व आकार. जात ओळखत नाहीं. प्लास्टिकचा धागा कापसासारखाच हलका व लांब. तो सळयांतून गळत नाहीं, वाऱ्यावर कापसाबरोबरच चढतो, आणि कार्डिंगच्या दांत्यांनीं तर त्याच्या एकाच्या दहा चिंधोट्या होतात. पुढें कापड रंगविलें कीं त्यास रंग लागत नाहीं व पांढरे ठिपके उघडे पडतात. आतां याकरितां कॅमेरे बसविलेलीं यंत्रें निघालीं आहेत. धांवत्या रुईंत परका रंग दिसतांच दाबलेल्या हवेचा झोत तेवढा पुंजका बाहेर फेंकतो. धान्य निवडणाऱ्या डोळ्याची जागा शेवटीं यंत्रानें घेतली ती अशी. मात्र पांढऱ्या रुईंत पांढरें प्लास्टिक आलें म्हणजे हा डोळाहि पुष्कळदां फसतो.

मग उपाय कोणता? तो यंत्राच्या फार अलीकडे, शेतांत आहे. हिंदुस्थानांत कापूस आजहि मुख्यतः हातानें वेचला जातो, आणि विदर्भ-मराठवाड्यांत हें काम बहुतेक स्त्रियाच करतात. मनुष्याच्या हातासारखें केर टाळणारें साधन दुसरें नाहीं. पण वेचणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती वेचलेल्या वजनावर, आणि पाचोळ्यालाहि वजन असतें. ती थांबून पान बाजूला काढील तर तिची मजुरी तितकी बुडेल. शेतकऱ्यालाहि स्वच्छ मालाचा भाव वेगळा मिळेलच असें नाहीं. २००० सालीं केंद्र सरकारनें कापसासाठीं तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. तींत बाजारांचे आवार व जिनांचे कारखाने सुधारण्यावर भर देण्यांत आला. तो योग्यच होता. तथापि १७० किलोच्या एका गांठींत शेंकडा ३ केर धरला, तरी पांच किलोंहून अधिक पाचोळा कापसाच्या भावानें बांधला जातो, वाहून नेला जातो आणि पुन्हां पैसे खर्चून झोडून काढला जातो. केंसांवर फडकें, प्लास्टिकच्या गोणीऐवजीं सुती झोळी, कवडी वेगळी ठेवण्याची संवय, आणि या सर्वांबद्दल वेचणाऱ्या बाईच्या मजुरींत चार पैसे अधिक, इतक्या गोष्टी घडून आल्या तर कित्येक पात्यांचा मार तंतूंना खावा लागणार नाहीं, आणि तितकीच धूळ कामगाराच्या छातींत कमी जाईल.