मुंबईच्या पैशावर उभी राहिलेली शाळा

आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, कशेडी ओलांडला की खेड. या दोन घाटांच्या बेचक्यात पोलादपूर. इथल्या डोंगराला चिकटलेल्या वाड्यांत खाचरातलं भात आणि वरकस जमिनीतली नाचणी-वरी, एवढंच पिकायचं. त्यावर वर्ष निघत नसे. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. रायगड जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत तेव्हाची इथली एकशिक्षकी शाळा समजून घ्यायची, तर या मुंबईकरापासूनच सुरुवात करावी लागते.

शाळेला स्वतःची इमारत असेलच असं नाही. देऊळ किंवा कुणाची ऐसपैस पडवी चालायची. चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी. पहिलीला बाराखडी गिरवायला बसवून ते चौथीची गणितं घेत, तोवर तिसरीतला एखादा चुणचुणीत पोरगा दुसरीकडून पाढे म्हणवून घेई. पावकी, निमकी, दिडकी ओरडून ओरडून पाठ. आणे-पै जाऊन १९५७ साली नवे पैसे आले, तरी हा घोष लगेच थांबला नाही. शनिवारी जमीन शेणाने सारवायची आणि ते काम मुलींचं, हे कुणी ठरवायचीही गरज नसे. त्यांतल्या बऱ्याच जणी धाकट्या भावंडाला काखेत घेऊनच वर्गात बसत आणि दुसरी-तिसरीनंतर दिसेनाशा होत.

पावसाळ्यात वेळापत्रक वहाळाच्या हाती. पाणी चढलं की पलीकडच्या वाडीची मुलं येत नसत. आली तर इरली भिंतीशी रचून ओल्या अंगाने बसत. लावणीच्या दिवसांत तर अर्धा वर्ग चिखलात. दिपोटी तपासणीला यायचे म्हटलं की मात्र घरोघर निरोप जात आणि पट भरे.

पण गावाला गुरुजी हवे असत ते पाढ्यांपेक्षा पत्रांसाठी. कित्येक खेड्यांत टपालाची शाखाही त्यांच्याकडेच. मनीऑर्डर आली की अंगठा घ्यायचा, खालच्या दोन ओळी वाचून दाखवायच्या, आणि नवऱ्याला लिहायचं उत्तर बाई पदर तोंडाशी धरून सांगेल तसं उतरवायचं. कुणाच्या घरी काय चाललंय हे गुरुजींइतकं कुणाला ठाऊक नसे, आणि ते पोटात ठेवण्यावरच त्यांची गावातली पत ठरे. चौथी झालेला पोरगा पुढे मुंबईला स्वतःचं पत्र स्वतः लिहू लागे. आईबापांच्या लेखी शाळेचं सार्थक तिथे झालं. लालबाग-परळच्या खोल्यांत एकत्र राहणाऱ्या गावकऱ्यांची मंडळं होती. शाळेची कौलं, फळा, घंटा यांची वर्गणी तिथून येई. सरकारी अनुदानापेक्षा हा पैसा अधिक भरवशाचा होता, असं माझं मत.

चौथीपुढची वाट अरुंद, आणि सगळ्यांना सारखी नव्हे. शेजारच्या महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख वकिलाचे चिरंजीव. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले. त्याच तालुक्यात लाडवलीला १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे हुशारीत कमी नव्हते. पण ते महार, म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना दारातच अडवलं. मुलाने तक्रारीचं पत्र लिहिलं, ते छापून आलं, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. बसायची जागा मात्र वेगळी. १९२७च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली आणि बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या परिषदेच्या तयारीत राबणाऱ्यांत हेच मोरे होते. शाळेच्या आठवणी सांगताना ‘सगळे कसे गुण्यागोविंदाने’ म्हणणाऱ्यांनी कोण वर्गात होतं आणि कोण बाहेर, एवढं आठवावं.

१९६२ साली जिल्हा परिषद आली आणि प्राथमिक शाळा तिच्याकडे गेल्या. पुढे पक्क्या खोल्या झाल्या, वाडीवाडीवर शाळा निघाली. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. काही गडी गावी परतले, पण पुष्कळांनी उलट बायकामुलांनाच दिवा, कळवा, नालासोपाऱ्याकडे नेलं. आज पट दहावर आलेल्या शाळेकडे बोट दाखवून लोक इंग्रजी माध्यमाला दोष देतात. तो आहेच. पण या खोऱ्यात पोरं इंग्रजी शाळेत जाण्याआधी आईबापांबरोबर एस.टी.त बसली होती.