घडीचा अमेरिकन चाकू

अमेरिकेंतील आप्तांकडून जुन्या घाटाचा एखादा घडीचा चाकू पनवेलच्या घरीं आला, तर तो कपाटांत जपावा कीं खिशांत बाळगावा? प्रश्न लहान खरा. पण येथील पावसाळा त्याचें उत्तर मागतोच.

या चाकूंचें मूळ घराणें इंग्लंडांतील. शेफील्डचा ‘बार्लो’ अमेरिकेंत इतका रुळला कीं, मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरींत टॉम सॉयरला बक्षीस मिळतो तो बार्लोच. पुढें गुरें पाळणारांसाठीं तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’ निघाला. पेनसिल्व्हेनियांतील ब्रॅडफर्ड गांवचा ‘केस’ कारखाना असे चाकू आजही घडवितो. मुठीस हाडाच्या पट्ट्या आणि पात्यास उघडें वा मिटलेलें धरून ठेवणारी पाठीची स्प्रिंग, एवढीच त्यांची रचना.

संग्राहकांस न वापरलेला चाकू अधिक मोलाचा वाटतो. पण पातें साध्या पोलादाचें असलें आणि तें दमट हवेंत तसेंच पडून राहिलें, तर गंज सांध्यांत शिरतो व बाहेरून दिसतही नाहीं. उलट, रोज फळें चिरणाऱ्या पात्यावर करडी झांक चढते. ती गंजास कांहीं अंशीं अडविते. काम होतांच पातें धुऊन कोरडें करावें, सांध्यांत तेलाचा थेंब सोडावा आणि चामड्याच्या म्यानांत चाकू कायमचा ठेवूं नये. विमानप्रवासांत मात्र तो हातांतील पिशवींत चालत नाहीं. सोपविलेल्या सामानांतच द्यावा.

आम्हांस वाटतें, कपाटांत गंजलेल्या दहांपेक्षां नातवास आंबा कापून देतां देतां झिजलेला एक चाकू बरा.