मडचा गिटारवाला, कायलीचं गाणं

कायली मिनोग आपल्याकडच्या अनेकांनी पाहिली ती २००९ च्या ‘ब्लू’मध्ये, अक्षय कुमारबरोबर नाचताना. पण तिला जगभर पुन्हा अग्रभागी आणलं ते २००१ च्या ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ या गाण्यानं. ते रचणाऱ्या दोघांपैकी एक रॉब डेव्हिस. तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता आणि मूळचा रॉक गिटारवादक.

त्याचा बँड ‘मड’. १९७४ मध्ये त्यांचं ‘टायगर फीट’ ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तो ग्लॅम रॉकचा जमाना. कानात मोठाले डूल आणि अंगात बायकी झगा घालून वाजवणारा डेव्हिस टीव्हीवर उठून दिसे. मात्र बँडची सर्वांत गाजलेली गाणी लिहिली ती निकी चिन आणि माइक चॅपमन या बाहेरच्या जोडीनं. डेव्हिस आणि बासवादक रे स्टाइल्स यांची गाणी बरेचदा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला जात. मला वाटतं, त्याची खरी तालीम तिथेच झाली. श्रोत्याला पहिल्या काही सेकंदांत पकडणारी रचना कशी असते, हे तो दुसऱ्यांची गाणी वाजवून शिकत होता.

नव्वदीत तो डान्स संगीतात रुळला. पॉल ओकनफोल्डच्या सोबतीनं रचलेलं, ग्रेसचं ‘नॉट ओव्हर येट’ १९९५ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं. मग २००० साल उजाडलं. एप्रिलमध्ये फ्रॅग्माचं ‘टोकाज मिरॅकल’, ऑगस्टमध्ये स्पिलरचं ‘ग्रूवजेट’. दोन्ही अव्वल, दोन्हींच्या श्रेयात डेव्हिस. ‘ग्रूवजेट’चं वाद्यसंगीत इटालियन डीजे स्पिलरनं आधीच तयार केलेलं होतं. त्यावर शब्द आणि गळ्याची चाल बसवली डेव्हिस आणि गायिका सोफी एलिस-बेक्स्टर यांनी.

कायलीचं गाणं जन्मलं डेव्हिसच्या घरच्या स्टुडिओत. त्यानं मिनिटाला १२५ ठोक्यांचा ड्रम लूप लावला, गाण्याची दुसरी रचनाकार कॅथी डेनिस त्यावर गाऊ लागली आणि काही तासांत कच्चं ध्वनिमुद्रण तयार झालं. ‘ला ला ला’ ही अर्थहीन अक्षरांची ओळ सुरुवातीलाच येते आणि पुन्हा पुन्हा फिरत राहते. रॉकमध्ये हे काम गिटारचा रिफ करतो. इथे रिफ गिटारवरून गळ्यात आला, एवढंच. म्हणून डेव्हिसनं रॉक सोडून पॉप धरलं, हे म्हणणं मला पटत नाही. त्याच्या हातचं कसब तेच राहिलं, वाद्य बदललं.

हे गाणं एस क्लब ७ या पॉप गटासाठी नाकारलं गेलं, सोफीकडेही जमलं नाही. कायलीनं ते घेतलं आणि ते जवळपास चाळीस देशांत पहिलं आलं. २००२ मध्ये त्याला आयव्हर नोव्हेलो पुरस्कारही मिळाले. उलटा प्रवासही झाला: २००७ मध्ये क्लॅक्सन्स या इंग्लिश रॉक बँडनं डेव्हिसचंच ‘नॉट ओव्हर येट’ गिटारवर वाजवलं आणि तेही ब्रिटनच्या पहिल्या वीसांत पोहोचलं. ग्रेस आणि क्लॅक्सन्स, दोघांचीही ध्वनिमुद्रणं वाचकांनी एकापाठोपाठ एक जरूर ऐकावीत.