महागडी नवी पटाशी घ्यावी का? बोटीच्या कामाचा हिशोब



१ जूनपासून मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढायच्या, फळ्या ठोकून बघायच्या आणि मिस्तरी दुसरीकडे अडकण्याआधी त्याला धरून ठेवायचं, ही आपली दरवर्षीची धावपळ. यंदा त्यात एक नवीन विचारणा होतेय. मोबाईलवर चकचकीत पटाश्यांच्या जाहिराती येतात. नवीन पोलाद, महिनाभर धार टिकते, लाकडी पेटीत सहाचा सेट. काही सभासद विचारतात की मिस्तरीला असा सेट घेऊन द्यावा का, किंवा संस्थेने एखादा मागवावा का.

आमचं मत आधीच सांगतो. बोटीच्या कामाला सेट नको. एक रुंद चांगली पटाशी, एक जाड किकरं आणि धारेचा चांगला दगड, यावरच पैसे घाला. असं का, ते खाली लिहिलंय.

पटाशीची (गुजराती मिस्तरी जिला फरसी म्हणतात ती) किंमत मुख्यतः पोलादाची आणि घासकामाची असते. साधं कार्बनचं पोलाद दगडावर पटकन धारेला येतं, पण धार लवकर जाते. क्रोमियम वगैरे मिसळलेलं पोलाद धार जास्त वेळ धरतं, पण दगडावर घासायला जास्त वेळ घेतं. आता तर पोलादाची भुकटी दाबून, तापवून पात तयार करतात. कॅनडाच्या व्हेरिटास कंपनीने २०१२ साली पीएम-व्ही११ नावाचं असं पोलाद आणलं. वस्तू उत्तम आहे, पण तिथेच एकेका पटाशीला शंभर डॉलरच्या आसपास पडतात. आपल्या बाजारात साधी पटाशी काही शे रुपयांत मिळते.

मग जास्त टिकणारी धार आपल्याला उपयोगाची नाही का? आहे. सागाच्या लाकडात वाळूच्याच जातीचा सिलिका असतो, त्यामुळे साग हाताला मऊ लागला तरी हत्याराची धार खातो. समजा मिस्तरीला दिवसातून सहा वेळा धार लावावी लागली आणि दर वेळी दहा मिनिटं गेली, तर तुम्ही मजुरी देता त्यातला एक तास दगडावर गेला. नवीन सागाची फळी बसवणं, दोन फळ्यांचा तिरका जोड घेणं, असं स्वच्छ काम महिनाभर चालणार असेल तर चांगल्या पोलादाची किंमत वसूल होते.

पण आपल्याकडे महिनाभर असं काम कुणाकडे असतं? बहुतेकांचं काम जुन्या बोटीच्या दुरुस्तीचं. सांध्यातला जुना कापूस आणि कडक झालेला लांबी-डांबर उकरायचा, कुजलेला भाग कापायचा. त्यात कुठे गंजलेला खिळा दडलाय ते दिसत नाही. खिळ्यावर पडली की शंभर रुपयांची पटाशीही दातरते आणि दहा हजारांचीही. उलट पात जितकी कडक तितका तुकडा उडण्याची भीती जास्त, आणि तो दात घासून काढायला वेळही जास्त. फायबरचं तर बोलूच नका. ज्यांनी लाकडी बोटीवर फायबर चढवलंय त्यांना माहीत आहे, त्यातली काच कोणतीही धार मिनिटांत खाते. या दोन्ही कामांना जुनी, घासून आखूड झालेली पटाशी वेगळी ठेवा. चांगली पटाशी तिथे नेऊ देऊ नका, मिस्तरी कितीही घाईत असला तरी.

दुकानात पटाशी हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिची पाठ, म्हणजे सपाट बाजू बघा. स्टीलची पट्टी आडवी-उभी लावून उजेडाकडे धरा. मध्ये किंचित खोलगट असेल तर चालेल, फुगीर असेल तर परत द्या. फुगीर पाठीची पटाशी लाकडावर टेकतच नाही, आणि ती सपाट करायला दिवस जातो. खरं तर महाग आणि स्वस्त पटाशीत सगळ्यात मोठा फरक इथेच असतो. महाग वस्तूत हे घासकाम कंपनीने केलेलं असतं.

मग मूठ. आपले मिस्तरी पटाशीवर हातोडा घालतात, त्यामुळे मुठीच्या डोक्याला लोखंडी कडं किंवा टोपी हवी. मुठीचा रंग आणि लाकडाची पेटी यांचे पैसे देऊ नका. जाहिरातीत कडा पातळ केलेल्या सुबक पटाश्या दाखवतात, त्या कपाट आणि खणांच्या बारीक सांध्यांसाठी असतात. बोटीला जाड अंगाची हवी. धारेचा कोनही बघा. कारखान्यातून साधारण २५ अंशाला घासून येते. बाभळीच्या वाकड्या, गाठाळ लाकडाला ती धार टिकत नाही, तिथे ३० अंश किंवा थोडा जास्त कोन द्यावा लागतो. हे घरीच दगडावर होतं आणि त्याने स्वस्त पटाशीसुद्धा बरीच सुधारते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. विजेच्या ग्राइंडरवर पात दाबून धरली आणि टोक निळं पडलं, तर पोलादाचं पाणी उतरलं समजा. साध्या पोलादाची पात कारखान्यात २०० अंशांच्या आसपास तापवून तयार केलेली असते, आणि निळा रंग साधारण ३०० अंशांना येतो. तेवढा भाग मऊ झाला, आता धार धरणार नाही. आपल्याकडे "पटाशी खराब लागली" म्हणून ज्या तक्रारी ऐकतो, त्यातल्या कितीतरी या निळ्या टोकाच्या असतात. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा.

या कामात सुरतेचं नाव फार जुनं आहे, म्हणून थोडं विषयांतर. १८ व्या शतकात इथे आलेल्या इंग्रज प्रवाशांनी सुरतेच्या जहाजांचं वर्णन लिहून ठेवलंय. फळ्यांच्या काठांना खाचा पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवायचे. हे सगळं हाताच्या पटाशीचं काम, आणि केसभर फट राहिली तर पाणी आत. इथलेच लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत जहाजं बांधली. त्याच गोदीत १८१७ साली पाण्यात उतरवलेलं सागवानी ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. ते बांधणाऱ्यांच्या हातात साध्या कार्बनच्या पोलादाच्याच पटाश्या होत्या, मिश्र पोलादाची हत्यारं तेव्हा निघालेलीच नव्हती.

तेव्हा खरेदी करायची तर अशी करा. ३० ते ४० मिलिमीटर रुंदीची मधल्या किमतीची पटाशी, १२ मिलिमीटरच्या आसपासचं किकरं, आणि एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड. दुकानात मिस्तरीलाच सोबत न्या, हातोडा त्याला मारायचा आहे. भर समुद्रात सांधा उघडला तर बोटीवर आपली माणसं असतात, त्यामुळे उरलेल्या पैशांत चांगली वाळलेली फळी आणि चांगला कापूस आणा. ओल्या फळीचा सांधा वाळल्यावर उघडतो, मग पटाशी कितीची होती याला अर्थ नाही.

आणि खाडीच्या खाऱ्या हवेत कोणतंही कार्बनचं पोलाद एका रात्रीत तांबूस पडतं, महाग असो की स्वस्त. काम संपलं की पात कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा आणि बोटीत न ठेवता घरी न्या.

आपला,
सचिव