जळाले म्हणून उरले

पुण्याच्या पूर्वेला सुमारे 80 किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. येथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी उत्खनन केले आणि इ. स. पू. 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. घरे, चुली, धान्य साठवण्याची पेवे, रंगीत खापरे, जमिनीखाली पुरलेले मृतदेह असे पुष्कळ काही मिळाले. त्यांच्याबरोबर काळेठिक्कर पडलेले धान्याचे दाणेही मिळाले. या गावात लोक काय पेरत आणि काय खात, याची सर्वांत थेट साक्ष या दाण्यांचीच आहे.

आपल्याकडच्या मातीत धान्य एरवी टिकत नाही. ओल, बुरशी, किडे आणि जिवाणू काही काळातच त्याचा फडशा पाडतात. मात्र दाणा चुलीच्या कडेला सांडला, मंद आचेवर आणि हवा अपुरी असताना करपला, तर त्याचा कोळसा होतो. कोळशात जिवाणूंना खाण्यासारखे काही उरत नाही. दाण्याचा आकार, खाच, अंकुराची जागा मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहते. थोडक्यात, पोटात गेलेले धान्य नाहीसे झाले आणि चुलीत सांडलेले तीन हजार वर्षे टिकले.

असे दाणे वेचण्याची रीत साधी आहे. उत्खननातली माती पाण्यात कालवतात. माती तळाशी बसते, हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक चाळणीत घेऊन सावलीत वाळवतात. 1960च्या दशकाअखेरीस ही पद्धत जगभर रुळू लागली आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक बी प्रथमच मोठ्या प्रमाणात हाती आले. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे आणि अतिशय चिकाटीचे. जळताना दाणा फुगतो, तडकतो, म्हणून तो आजच्या बियांच्या संग्रहाशी ताडून पाहावा लागतो. धान्याबरोबर आलेला कोंडा आणि तणाचे बीही मोलाचे असते: कोंडा असेल तर मळणी-उफणणी वस्तीतच होत होती असे म्हणता येते आणि तणावरून पिकाचा हंगाम कळतो.

महाराष्ट्रातील प्राचीन धान्यांचा असा अभ्यास मुकुंद काजळे यांनी डेक्कन कॉलेजात वर्षानुवर्षे केला. इनामगावच्या दाण्यांत सातू, म्हणजेच जव, हे मुख्य धान्य ठरले. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि हुलगे होते. हा परिसर पर्जन्यछायेत येतो. वर्षाला जेमतेम 50 सेंटिमीटर पाऊस. सातूला गव्हापेक्षा पाणी कमी लागते आणि खारवट जमीनही चालते, त्यामुळे ही निवड समजण्याजोगी आहे. गहू, सातू, मसूर ही पश्चिम आशियातून आलेली थंडीची पिके, तर हुलगा इथल्याच मातीतला, पावसाळी. खरीप आणि रब्बी यांची सांगड घालणारी शेती दख्खनमध्ये तेव्हाच आकाराला येत होती, हे या मूठभर कोळशातून दिसते.

इ. स. पू. 1000च्या सुमारास इनामगावात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती आक्रसली, लोक पशुपालन आणि शिकारीकडे वळले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. इथे जपून पावले टाकायला हवीत. दाणा ताटाची साक्ष देतो, आभाळाची नाही. पीक बदलले म्हणजे पाऊसच बदलला असे नाही. बाजार, रोगराई, स्थलांतर यांनीही पीक बदलते. आभाळाचे विचारायचे तर तळ्याच्या गाळाकडे जावे लागते.

गाळात परागकण असतात. त्यांचे बाहेरचे कवच इतके चिवट, की खनिजे विरघळवणाऱ्या तीव्र आम्लातही ते टिकते. थरागणिक शेकडो कण मोजले, की त्या त्या काळी आसपास जंगल होते की गवताळ माळ, हे कळते. 1916 साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी अशा मोजणीचे आलेख मांडले आणि या शास्त्राचा पाया घातला. वाऱ्यावर उधळणारे पराग गाळात फार, कीटकांनी वाहिलेले थोडे, हा असमतोल हिशेबात धरावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर गाळात 11,000 वर्षांचा इतिहास साठलेला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात दोन दीर्घ अवर्षणे दिसली: एक 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचे, दुसरे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे. सरोवर आटू लागले की तयार होणारे गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक त्याची खूण ठरले. इनामगावची पडती मात्र सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे दोन्हींच्या मधली. घोडखोऱ्यात तेव्हा लहान दुष्काळ पडले असतील. पण दीर्घ अवर्षणाने गाव मोडले, या म्हणण्याला लोणारचा गाळ दुजोरा देत नाही.

दाण्यांच्या साक्षीलाही मर्यादा आहे. पालेभाज्या, कंदमुळे, मसाले क्वचितच करपून उरतात. त्यांच्यासाठी भांड्याच्या आतल्या थरातील आणि दातांवरच्या किटणातील पिष्टकण तपासतात. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना अशाच तपासणीत हळद आणि आले यांचे कण सापडले. गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे कणही पाने कुजून गेल्यावर मातीत राहतात आणि त्यांच्या आकारावरून भात ओळखता येतो.

शिरूरकडच्या घरांत आज भाकरी होते ती ज्वारीची नाहीतर बाजरीची. ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची. इनामगावकरांच्या चुलीवर सर्वांत जास्त शिजलेला सातू मात्र त्या शिवारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.