ताटाचा हिशेब (लेखांक ६) : पगारदार भूक

चाकणला लोक अर्धपोटी राहतात असे म्हटले, तर चाकणकर हसतील. कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे ज्याचे नाव राज्यभर झाले, ते हे गाव. १९९९ मध्ये इथे बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या शिवारांत शेड उभ्या राहिल्या. खाली पिंपरीला तर १९५४ पासून, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून, कारखानदारी आहे. इथे काम आहे, बाजार आहे, दुकानात धान्यही आहे. मग या पट्ट्यात भूक शोधायची कुठे?

गेल्या आठवड्यात आपण दुष्काळी गावाकडे पाहिले. तिथे पीक जाते, काम जाते, मग ताट आटते. कारण कुणालाही दिसते. इथली भूक दर महिन्याला पगार घेते, म्हणून ती ओळखू येत नाही.

मोजण्याच्या रीतीचाही यात हात आहे. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणशी रोज २,२५० कॅलरी हा त्याचा पाया धरला. त्या काळी ते मोठेच काम होते. पण निव्वळ कॅलरी मोजल्या तर दुपारचे दोन वडापाव, तीन-चार गोड चहा आणि रात्रीचा भात यांच्या जोरावर आपला कामगार जवळपास पास होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अलीकडे वेगळी पद्धत काढली. ती माणसाला आठ प्रश्न विचारते. पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का? चांगले, सकस खाता आले नाही असे झाले का? तेच तेच खावे लागले का? एखादे जेवण टाळले का? हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का? मग घरातले अन्न संपणे, भूक असून न खाणे, आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी जाणे. शेवटच्या पायरीवर चाकणमध्ये फार लोक सापडणार नाहीत. पहिल्या चार पायऱ्यांवर मात्र दाटी आहे, असे माझे मत आहे, आणि ते का ते पगाराच्या हिशेबातून कळते.

समजा, लातूर किंवा नांदेडकडचा आयटीआय झालेला मुलगा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला आणि पीएफ वगैरे कापून त्याच्या हातात चौदा हजार पडले. खोलीचा वाटा अडीच हजार, मोबाइलचा किंवा गाडीचा हप्ता दोन हजार, गावी पाच हजार. उरलेल्या साडेचारात मेस, येणे-जाणे, रिचार्ज आणि आजारपण. यात एक खाडा झाला, ओव्हरटाइम बंद झाला, की कात्री कुठे लागते? खोलीमालक पाच तारखेला दारात उभा असतो. हप्तेवाल्याचा फोन चुकत नाही. गावी आई वाट बघत असते. पोटाचा तगादा लावायला कोणीच येत नाही. म्हणून दोन वेळची मेस एक वेळची होते, आणि दुसरी वेळ वडापाववर निघते. त्यात सहा-सात महिन्यांनी ठेकेदाराने कामात ‘ब्रेक’ दिला की नवीन गेटपास बनेपर्यंत तीही वेळ अवघड.

आता सरकारी मदतीकडे येऊ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी २०१४ मध्ये सुरू झाली. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पण प्राधान्य कुटुंब ठरवताना शहरी भागात वर्षाला ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये अशी उत्पन्नाची रेघ मारली गेली. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. दहा वर्षांहून जास्त काळ महागाई वाढत राहिली, रेघ तिथेच राहिली. वर दिलेला चौदा हजारांचा मुलगा बायको-मुलांना घेऊन भोसरीत आला आणि त्याने खरे उत्पन्न लिहून नवे कार्ड मागितले, तर एक लाखाच्या पुढचा म्हणून त्याला या धान्याचा हक्क नसलेले शुभ्र कार्ड मिळेल. म्हणजे शासनाच्या हिशेबात तो आणि त्याच्या कारखान्याचा मॅनेजर एकाच रंगाचे.

गावच्या कार्डावर नाव असेल तर त्यावर इथे धान्य घेण्याचा रस्ता आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ची पहिली चाचणी ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांत झाली, त्यांतली एक महाराष्ट्र-गुजरातची होती. लॉकडाऊनमध्ये मजूर पायी निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने जून २०२१ मध्ये सर्व राज्यांना ही सोय महिनाभरात लागू करायला सांगितले. कार्डावर पाच नावे असतील तर एकट्याच्या वाट्याचे पाच किलो चाकणच्या दुकानातून उचलता येतात, बाकीचे गावी घेता येतात. ही गोष्ट बहुतेक मुलांना कोणी सांगितलेली नसते. गावाकडे सगळे धान्य उचलले गेलेले असते ते वेगळेच. शिवाय लेथवर झिजलेल्या बोटाचा ठसा मशीनने घ्यायला हवा.

आणि समजा, मिळाले पाच किलो. दिवसाला १६६ ग्रॅम. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण, तिघे तीन वेगळ्या शिफ्टला. गॅसचे घरगुती कनेक्शन नावावर नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण घरगुती दराने नाही. गहू दळून कोण आणणार, पोळ्या कोण लाटणार? आपली सगळी धान्यव्यवस्था असे गृहीत धरून बसली आहे की प्रत्येक धान्याच्या पिशवीमागे एक चूल असते आणि चुलीपाशी एक बाई.

शिजवलेले अन्न देणारी योजनाही आहे. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण. कल्पना उत्तम. पण वेळ ठरली दुपारी बारा ते दोन. पहिल्या शिफ्टचा माणूस तेव्हा गेटच्या आत, दुसऱ्या शिफ्टचा कामाला निघायच्या गडबडीत, रात्रपाळीचा झोपलेला. केंद्रामागे थाळ्याही सुरुवातीला ७५ ते १५० च. रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकाला ती लाभली. कारखान्याचे वेळापत्रक मात्र कोणी विचारात घेतले नव्हते.

उरते कॅन्टीन. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे केले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० वर आली, कंत्राटी कामगार धरून. सुधारणा चांगली आहे. पण मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या, तीस-चाळीस माणसांच्या शेडना ती लागू होत नाही, आणि भोसरी, तळवडे भागात अशा शेड गल्लोगल्ली आहेत.

या सगळ्यात कामगाराला खरे जेवू घालते ती मेसवाली. महिनाभर वहीत लिहून ठेवते, पगार झाला की घेते. मुंबईच्या गिरणगावात हेच काम खानावळवाल्या बायकांनी केले आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराकडून बँकेकडे नेले. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ केंद्रे काढून हमालाला परवडणारे, पोटभर जेवण दिले. ही दोन्ही उदाहरणे आपल्या घरची आहेत. वेळ कामगाराच्या सोयीची, अन्न शिजवलेले, आणि उधारीची सोय: एवढ्या तीन गोष्टी जमल्या तर चाकणचा प्रश्न बराच सुटतो, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

म्हणून एक विनंती. वाचकांत लहान शेडचे मालक असतील, तर शेजारच्या चार-पाच शेडनी मिळून जवळच्या मेसशी करार करा आणि निम्मा खर्च उचला. जे कामगार वाचत असतील त्यांनी गावच्या कार्डावर आपले नाव आणि आधार जोडलेले आहे का, ते या महिन्यातच पाहून घ्यावे. दुकानदाराने बाहेरगावचे कार्ड म्हणून परत पाठवले तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पुढच्या लेखांकात याच खोल्यांतल्या बायका आणि मुले. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले होते. त्या आकड्यापासून सुरुवात करू.