दहाव्या अनुसूचीपासून नमुना आठपर्यंत: राज्यशास्त्राची पदवी आणि पुढची कामं

जून २०२२मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि पुढचं दीड वर्ष सगळा महाराष्ट्र राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, शिकत होता. एसटी स्टँडवर, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच वाद: व्हिप नेमका कुणाचा लागू? बहुतेकांनी आधी बाजू घेतली आणि मग तिला साजेशी कलमं शोधली. त्या वर्षी टीवायबीएला राज्यशास्त्र घेऊन बसलेल्या मुलामुलींना मात्र एक दुर्मीळ संधी होती. पुस्तकातला एक अख्खा घटक त्यांच्याच विधानसभेत घडत होता.

हा घटक नीट वाचायचा, तर मागे जावं लागतं. पक्षांतरबंदी आली १९८५ साली, ५२व्या घटनादुरुस्तीनं. तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि त्यांची आमदारकी वाचायची. २००३च्या ९१व्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली आणि दोन तृतीयांशांच्या संमतीनं होणारं विलीनीकरण तेवढं उरलं. १९९२च्या किहोटो होलोहान खटल्यात, अपात्रतेवर सभागृहाच्या अध्यक्षांनी दिलेला निर्णय न्यायालय तपासू शकतं, हे ठरलं. २०१६च्या नबाम रेबिया निकालानं सांगितलं, की अध्यक्षांना हटवण्याची नोटीस प्रलंबित असेल, तर त्यांनी अपात्रतेचा निर्णय देऊ नये. मग ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्या फुटीवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. व्हिप काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच घ्यावा. जानेवारी २०२४मध्ये अध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या कुणालाही अपात्र ठरवलं नाही.

ही साखळी ज्या विद्यार्थ्यानं मूळ कागदांतून, म्हणजे घटनेची अनुसूची, दोन दुरुस्त्या आणि तीन निकाल यांतून स्वतः वाचली, त्याच्या हाती एक कौशल्य आलं. संस्था, तिचे नियम आणि ते नियम वाकवणारी माणसं यांना एकत्र कसं वाचायचं, ते कौशल्य. राज्यशास्त्राच्या पदवीत कमवायचं ते हेच, आणि पुढच्या सगळ्या वाटा तिथूनच फुटतात, असं माझं ठाम मत आहे.

दुर्दैव असं, की आपल्याकडे या विषयाकडे बघण्याची सुरुवातच चुकते. शाळेत नववी-दहावीला ‘इतिहास व राज्यशास्त्र’ एकाच पुस्तकात येतं आणि राज्यशास्त्र मागच्या पानांत असतं. शिक्षकांचा वेळ इतिहासात संपतो, मुलांची शक्ती परीक्षेपर्यंत संपते. पुढे बीएला बरेच जण हा विषय घेतात तो ‘स्कोअरिंग’ आहे किंवा एमपीएससीला उपयोगी पडतो म्हणून. मग तीन वर्षं गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि सिनिअरच्या झेरॉक्स नोट्स. प्लेटोपासून मार्क्सपर्यंत सगळे विचारवंत ‘गुण-दोष लिहा’ या एकाच साच्यातून जातात. कौटिल्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही, की अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्रींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरला उजेडात आणली, १९०९ साली छापली, आणि तिची चिकित्सक आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केली ती मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले या मराठी पंडितानं. जकात, हेर, दुष्काळ, तुरुंग यांवरची ती प्रकरणं वीस पानं जरी वाचली, तरी ‘सप्तांग सिद्धांत’ पाठ करावा लागत नाही.

अभ्यासक्रम तसा भरगच्च आहे. पाश्चात्त्य आणि भारतीय राजकीय विचार, भारतीय संविधान, तौलनिक शासनसंस्था, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन, महाराष्ट्राचं राजकारण, थोडी संशोधनपद्धती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर आणि चौथं ऑनर्सचं वर्ष आलं. ज्यांना संशोधनाकडे जायचं आहे त्यांनी ते चौथं वर्ष जरूर करावं. मायनर निवडताना अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर सोडू नये. अंदाजपत्रक वाचता न येणारा राज्यशास्त्राचा पदवीधर अर्ध्या वाटेवर अडतो.

संशोधनपद्धतीचा पेपर मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दारं तोच उघडतो. रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्लीत सीएसडीएस ही संस्था उभी केली. तिच्या ‘लोकनीती’ या कार्यक्रमातर्फे होणाऱ्या निवडणूक अभ्यासांचं काम राज्याराज्यांतल्या प्राध्यापकांच्या जाळ्यातून चालतं, आणि प्रत्यक्ष घरोघर जातात ते विद्यार्थी. पुण्याचे सुहास पळशीकर हे या कामाचं मराठी वाचकांना परिचित असलेलं नाव. त्यांनी आणि राजेंद्र व्होरा यांनी महाराष्ट्रातल्या १९९५च्या सत्तांतरावर केलेलं लेखन आजही वर्गात लागतं. या पाहणीत काय करावं लागतं? मतदारयादीतून ठराविक अंतरानं नावं निवडायची. यादीत आलेल्या बाई रानात गेल्या असतील, तर शेजारणीला विचारून भागत नाही. संध्याकाळी पुन्हा जायचं. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही. नमुना मतपत्रिका हातात द्यायची आणि ती बाईंनी स्वतः पेटीत टाकायची. घरातले चार पुरुष भोवती उभे असताना एका स्त्रीचं स्वतःचं मत कसं मिळवायचं, हे विसाव्या वर्षी अंगणात उभं राहून शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कुठल्याही सर्वेक्षण संस्थेत, आरोग्य प्रकल्पात, वृत्तपत्रात कामाला येते.

आता नोकऱ्यांचं. पहिलं नाव अर्थातच स्पर्धा परीक्षा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी गुण १७५०. त्यात वैकल्पिक विषयाचे ५००. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा त्यातला एक लोकप्रिय पर्याय, शिवाय सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर जवळजवळ याच विषयाचा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे पर्यायांवर गोल काळे करण्याइतकंच लिहिण्याला महत्त्व आलं. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली मुलं बसलेली दिसतात, तेव्हा काळीज हलतं. जागा मोजक्या असतात आणि जाहिराती रखडतात. या परीक्षा द्याव्यात, मनापासून द्याव्यात. पण किती अटेम्प्ट हे घरच्यांशी बोलून आधी ठरवावं आणि त्या काळात दुसरं एखादं काम हातात ठेवावं. ‘प्लॅन बी’ म्हटलं की एकाग्रता जाते, असं क्लासवाले सांगतात. ते मला पटत नाही.

कायद्याची वाट सोपी आणि भरवशाची. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी, त्यासाठी राज्याची सीईटी. संविधान आधीच वाचलेला विद्यार्थी तिथे पहिल्या वर्षापासून पुढे असतो. यशवंतराव चव्हाण यांनी कोल्हापुरात शिकून १९३८ साली इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि मग पुण्यात कायदा केला. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९६१ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत राज्याविषयीच्या बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशी सगळ्याच राज्यांपुढे होत्या. महाराष्ट्रानं जिल्ह्याच्या पातळीला अधिक बळ दिलं. हा निर्णय राजकीय होता तसाच तो प्रशासनाच्या अभ्यासातून आलेला होता.

अध्यापनाबद्दल खरं तेच सांगायला हवं. एमए, मग नेट किंवा सेट (महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं), मग पीएचडी, आणि एवढं करून कित्येक जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं शिकवत राहतात. तासाच्या हिशेबानं मिळणाऱ्या पैशांत घर चालत नाही. ही व्यवस्थेनं केलेली उघड पिळवणूक आहे आणि तिच्याविरुद्ध बोललं पाहिजे. तरीही ज्याला शिकवल्यावाचून राहवत नाही, त्यानं या वाटेवरची माणसं बघावीत. १९४२च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या, तेव्हा बावीस वर्षांच्या असलेल्या उषा मेहता तुरुंगवास भोगून आल्या, गांधीजींच्या विचारांवर पीएचडी केली आणि मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राजकारण विभागात शिकवू लागल्या. पुढे त्या विभागाच्या प्रमुखही झाल्या. नागपुरात भा. ल. भोळे यांनी आणि कोल्हापुरात अशोक चौसाळकर यांनी राजकीय विचार मराठीत आणण्याचं काम केलं. य. दि. फडके यांचे ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड तर राज्याच्या राजकारणावर लिहिणाऱ्या प्रत्येक पत्रकाराच्या टेबलावर असायला हवेत.

पत्रकारितेत बातमी आणणारे पुष्कळ असतात. विधेयक वाचून त्यातलं कुठलं कलम कुणाला लागेल, हे सांगणारे थोडे. कायदेमंडळाच्या कामाशी जोडलेला असाच एक नवा पेशा वीस वर्षांत उभा राहिला. दिल्लीची पीआरएस ही संस्था २००५पासून विधेयकांचं सोप्या भाषेत विश्लेषण करते. तिच्या ‘लॅम्प’ फेलोशिपमधून दरवर्षी तरुण पदवीधर एकेका खासदाराबरोबर काम करतात. प्रश्न तयार करणं, भाषणांसाठी माहिती काढणं, खाजगी विधेयकाचा मसुदा, असं सगळं. राज्यात २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, मध्ये काही काळ थांबून पुन्हा चालू झाली. तिच्यासाठी साठ टक्के गुण आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. सभागृहाच्या गॅलरीत बसून लक्षवेधी सूचना ऐकायची, मग अध्यक्ष, सभापती, आमदारांकडून कामकाज समजून घ्यायचं. एमएला गेल्यावर ही संधी दवडू नये. पक्षांच्या ‘वॉर रूम’ आणि निवडणूक सल्लागार कंपन्या हंगामात बऱ्यापैकी पैसे देतात. मात्र हंगाम संपला की काम संपतं, आणि तिथे सत्याशी तडजोड करायची वेळ आली तर उठून यायची तयारी हवी. परराष्ट्र सेवेचं स्वप्न पाहणाऱ्यांनी ज्ञानेश्वर मुळे यांचं ‘माती, पंख आणि आकाश’ वाचावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा १९८३च्या तुकडीत त्या सेवेत गेला.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती स्थानिक पातळीवरच्या कामाबद्दल, आणि तिच्याविषयी करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या १९९३ साली अमलात आल्या. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. हजारो ग्रामपंचायतींत सरपंच आणि सदस्य बायकांना विकास आराखडा करायचा असतो, वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा असतो, शासन निर्णयांचे कागद वाचायचे असतात. त्यांच्या सोबतीला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) असतो आणि बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं. पुण्याची ‘यशदा’, अनेक स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधीचे प्रकल्प यांना असा माणूस लागतो, ज्याला नमुना आठची करआकारणी नोंदवही उलगडता येते, ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिता येतं आणि गावातल्या दोन्ही गटांशी बोलता येतं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं हे करून दाखवलं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथे अभ्यास गट सुरू झाले. गावातली माणसं आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून जंगलाचे कायदे, योजना, हक्क समजून घेत. निर्णय मात्र ग्रामसभाच घेई, तोही सर्वसहमतीनं. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयारीत होतं, आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. रूसोची सामूहिक इच्छा, गांधींचं ग्रामस्वराज्य, पेसा कायदा हे सगळे घटक वर्गात वेगवेगळ्या सत्रांत येतात. या गावात ते एका सभेत भेटतात. बीएचा प्रकल्प करायचा असेल तर शहरातही विषय शोधत हिंडायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवकच नसताना वॉर्डातल्या गटाराचा, दवाखान्याचा निर्णय कुणी आणि कुठल्या कागदावर घेतला, हा एकच प्रश्न घेऊन माहितीच्या अधिकारात चार अर्ज टाकले तरी उत्तम प्रबंध होईल.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. ग्रामीण महाविद्यालयातली मुलं इथेच कचरतात. इंग्रजी शिकायलाच हवं. निकाल, अहवाल, बहुतेक संशोधन त्याच भाषेत आहे. रोज ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा एक लेख आणि त्याचा मराठीत एक पानाचा गोषवारा, असा सराव वर्षभर केला तर भाषाही येते आणि विषयही. पण त्यांच्याकडे जे आहे, तेही त्यांनी ओळखावं. दिल्लीत तयार झालेली प्रश्नावली नंदुरबारमध्ये अहिराणीत, यवतमाळमध्ये वऱ्हाडीत, गडचिरोलीत गोंडीत विचारावी लागते. ‘शासन’, ‘सरकार’ आणि ‘साहेब’ यांत त्या गावातला म्हातारा काय फरक करतो, हे कळल्याशिवाय तिच्यातलं एकही उत्तर खरं येत नाही. ते कळणारी मुलं साक्री, उमरखेड, कुरखेडा इथल्या कॉलेजांत आज शिकत आहेत, आणि या कामासाठी त्यांच्याइतकं तयार दुसरं कुणी नाही.